तक्क्या आणि तकिया

आमच्या गावठाणातल्या जुन्या इमारतींवर माहितीफलक लावलेले आहेत. त्यांतला ओढ्याकाठच्या इमारतीवरचा फलक चुकीचा आहे आणि तो मी लिहिलेला आहे. मला कोणी चुकीची माहिती दिली नव्हती. माहिती बरोबर दिली होती. ती मी बदलली. हे इतक्या सरळ शब्दांत सांगायला मला फार उशीर झाला, आणि त्या उशिराचा त्रास दुसऱ्यांना सोसावा लागला.

गाव म्हणजे आता तसं गाव उरलेलं नाही. कर्वेनगर आणि वारजे यांच्या आसपास जी गावं शहराने पोटात घेतली, त्यांतलं ते एक. मी मूळचा सदाशिव पेठेतला. लग्नानंतर इथल्या एका सोसायटीत राहायला आलो. पुढची कितीतरी वर्षं माझ्या दृष्टीने गावठाण म्हणजे आमच्या गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंतचा बोळ आणि त्यातली कोंडी, एवढंच होतं. स्कूटर बंद करून त्या कोंडीत उभं राहावं लागे, आणि उभा राहिलेला माणूस इकडेतिकडे बघतोच. मी तंत्रनिकेतनात इमारतींचे नकाशे काढायला शिकवतो, त्यामुळे माझी नजर भिंतींवर जायची.

चावडीची भिंत कमरेपर्यंत घडीव दगडाची आणि तिथून वर विटांची आहे. पैसे संपले म्हणून दगड संपले, असा मी अंदाज केला होता. चौकशी केल्यावर कळलं की वरचा भाग मातीचा होता, तो पुरात बसला आणि मग विटा आल्या. तालीम रस्त्याच्या खाली गेली आहे. ती खचलेली नाही. दर डांबरीकरणाला रस्ताच वर चढत गेला. पूर्वी आत जायला पायऱ्या चढाव्या लागत, आता उतराव्या लागतात. शाळेची मंगलोरी कौलं काढून पत्रे घातले आहेत, पण भिंतीत जुन्या वाशांच्या खाचा अजून दिसतात. देवळाच्या लाकडी खांबांना ऑइलपेंट फासला आहे आणि जोत्याला ग्रॅनाइट चिकटवलं आहे. त्याला जीर्णोद्धार म्हणतात. ग्रॅनाइटच्या आत कोरलेला दगड आहे, मी तो डोळ्यांनी पाहिलेला आहे. उन्हाळ्याची सुट्टी संपवून परत आलो, तर त्या जागी हॉटेलच्या बाथरूमसारखी भिंत उभी. कोणाशी भांडणार? पुजाऱ्यांना ती आवडली होती. धुवायला सोपी, म्हणाले.

तेव्हा मनाशी ठरवलं की जे उरलंय ते तरी लिहून ठेवायचं. रविवारी टेप आणि कागद घेऊन हिंडायला लागलो. लोक आपणहून बोलायचे. तालमीतले वस्ताद म्हणाले, "लिहा सर, आमची तालीम लय जुनी हाय. किती जुनी ते तुम्हीच ठरवा." असं वरचेवर होई. मी विचारायला जायचो आणि लोक मलाच विचारायचे, सर, हे कधीचं असेल? मग मी सांगायचो. सांगायची सवय लागत गेली आणि विचारायची सुटत गेली, हे माझ्या लक्षात आलं नाही.

ओढ्यापलीकडे वस्ती आहे. ओढा कसला, आता ते सिमेंटचं गटार आहे. त्याच्या काठावर गावाकडे पाठ करून एक बैठी इमारत आहे. एकच लांब खोली, पुढे ओटा, मातीच्या जाड भिंती, दाराच्या दोन्ही अंगांना दिव्यासाठी कोनाडे. गावातल्या बाकी सगळ्या जुन्या इमारतींची दारं चौकाकडे उघडतात. हिचं एकटीचं वस्तीकडे. नकाशात मी ते बिनचूक दाखवलं आहे. ते तसं का असावं, हा प्रश्न मात्र मला पडला नाही.

ओट्यावर एक बाई वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. सुती साडी, जाड काचांचा चष्मा.

मी विचारलं, "मावशी, ही इमारत कशाची?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हा आमचा तक्क्या."

मला एक खोड आहे. समोरच्याने शब्द चुकीचा उच्चारला की मला राहवत नाही. आमच्या घरात जेवणाच्या ताटावर न आणि ण वरून आम्हा भावंडांना बोलणी बसायची, आणि त्याचा मला अभिमान होता. मी लगेच म्हणालो, "तकिया. मूळ शब्द तकिया आहे. फकिरांची उतरण्याची जागा. बोलण्यात त्याचा तक्क्या होतो."

"असं का," त्या म्हणाल्या.

"हो. फारसी शब्द आहे."

"बरं." त्यांनी पान उलटलं.

मी खूश झालो. आपल्या गावात फकिरांची उतरण्याची जागा होती, हे मला फारच छान वाटलं. ओट्याच्या कडेला कागद टेकवून तिथेच मजकूर लिहून टाकला. दार उघडं होतं. आतून कोणीतरी काहीतरी मोठ्याने पाठ करत असल्याचा आवाज येत होता. मी आत गेलो नाही. बाहेरची मापं मिळाली होती.

फलकावर मी लिहिलं ते असं: 'तकिया. येथे पूर्वी वाटसरू फकीर मुक्काम करीत. कालांतराने वापर थांबला.' वापर थांबल्याचं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. मजकुराला शेवट हवा होता, म्हणून तो मी दिला.

गावातल्या गणेश मंडळाने फलक करून दिले. प्रत्येकावर माजी नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो आणि त्याखाली बारीक अक्षरांत माझं नाव, पदवीसकट. लोक फलकांपाशी उभं राहून फोटो काढून घ्यायचे. मी लोकांना इमारती दाखवायला रविवारच्या फेऱ्या सुरू केल्या. एका फेरीत कोथरूडहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, हे फकीर कधीपर्यंत येत असत? मी एक क्षणही न थांबता म्हणालो, साधारण पेशवाईच्या अखेरीपर्यंत. त्यांनी ते टिपून घेतलं.

मग रस्तारुंदीची आखणी आली. आमचा बोळ रुंद होणार होता आणि नवी हद्द ओढ्याकाठच्या त्या इमारतीच्या मधोमध जात होती. वस्तीने हरकत घेतली: ही आमच्या समाजाची जागा आहे, पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आजही मुलं इथे अभ्यासाला बसतात. महापालिकेच्या कार्यालयाकडून उत्तर आलं की सदर वास्तू ही फकिरांची विश्रांतीची जागा असून तिचा वापर बंद असल्याचे जागेवरील माहितीफलकावरून दिसते, सबब अर्जदारांचा तिच्याशी संबंध दिसून येत नाही. गावातल्या मुसलमान कुटुंबांना विचारलं गेलं. ते म्हणाले, आमची अशी जागा कधीच नव्हती. ते खरंच बोलत होते. म्हणजे इमारत कोणाचीच नाही आणि पाडायला कोणाची हरकत नाही.

यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. ओट्यावरच्या त्या बाई एका संध्याकाळी आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा कळलं. मी त्यांना ओळखलं आणि म्हणालो, "मावशी, या, बसा ना."

"मावशी नका म्हणू," त्या बसता बसता म्हणाल्या. "शाळेत सगळे मला बाई म्हणायचे. मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. मराठी शिकवायचे."

माझी बायको पाणी घेऊन येत होती, ती दारातच थबकली. ओट्यावरचं आमचं संभाषण मी तिला मोठ्या कौतुकाने सांगितलेलं होतं.

बाईंनी पिशवीतून कार्यालयाचं उत्तर काढून माझ्यापुढे ठेवलं आणि मी ते वाचेपर्यंत थांबल्या. मग शांतपणे सांगितलं. "गावच्या चावडीत आमच्या माणसांना वर बसता येत नसे. पायरीखाली उभं राहायचं. म्हणून महारवाड्याने आपली चावडी आपण बांधली. तिचं नाव तक्क्या. तुमच्या फकिरांशी तिचा काही संबंध नाही."

पुढे त्यांनी जे सांगितलं त्यात कुठेही आवाज चढला नाही. बाहेरगावचा पाहुणा तक्क्यात उतरायचा. सोयरिकीची बोलणी तिथे व्हायची, भांडणं तिथे मिटायची. गावकीची कामं यापुढे करायची नाहीत, हे तिथे बसूनच ठरलं; धर्म बदलायचंही तिथेच. नंतर तिथे रात्रीचे वर्ग चालले. बाई स्वतः अक्षरं गिरवायला त्याच खोलीत शिकल्या. आता वस्तीतली मुलं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, कारण घरात पुस्तक उघडून बसायला जागा नाही. दार वस्तीकडे का आहे, ते मला तेव्हा समजलं.

मी म्हणालो, "बाई, अनवधानाने चूक झाली. माफ करा."

"अनवधान म्हणजे लक्ष नसणं," त्या म्हणाल्या. "तुमचं लक्ष होतं. तुम्ही मला दुरुस्त केलंत."

यावर गप्प बसायला हवं होतं. मी विचारलं, "पण मग तेव्हाच तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं की," बाई म्हणाल्या. "एकदा."

त्या गेल्यावर मी घरातला जुना शब्दकोश काढला. दोन्ही शब्द त्यात होते, एकाच पानावर. तकिया वर, तक्क्या खाली. बायको शेजारी येऊन उभी राहिली, तिने वाचलं आणि म्हणाली, "तू नेहमी पहिल्याच अर्थाला थांबतोस." ती हे फक्त शब्दकोशाबद्दल म्हणाली असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून कार्यालयात गेलो. मला वाटलं, लिहिणारा स्वतः सांगतोय म्हटल्यावर काम होऊन जाईल. टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, फलक कोणाच्या परवानगीने लावला? मी म्हणालो, परवानगी अशी काही घेतली नव्हती, मंडळाने लावला.

"म्हणजे अनधिकृत आहे."

"अनधिकृत असेल तर तुम्ही तो पुरावा म्हणून कसा धरलात?"

"तो वेगळा विषय झाला," ते म्हणाले आणि मला खालच्या मजल्यावर पाठवलं. खालच्या मजल्यावरून पुन्हा वर. मंडळात गेलो तर कार्यकर्ते म्हणाले, सर, फलक काढायचा म्हणजे भाऊंचा फोटो काढायचा, आणि निवडणुका कधीही लागतील, तुम्ही त्यावर चिठ्ठी चिकटवा. मी चिठ्ठी चिकटवली. ती पावसात गळून पडली. पुन्हा चिकटवली, ती कोणीतरी फाडली. ज्यांनी माझ्याबरोबर फेरी केली होती त्यांना संदेश पाठवले की मी सांगितलेली माहिती चुकीची होती. उत्तरादाखल बऱ्याच जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. फलकावरचं लिहिताना मला जेमतेम अर्धा तास लागला असेल. ते परत घ्यायला जागाच सापडत नव्हती. चीड येत होती, आणि सगळ्यांची येऊन झाली की शेवटी स्वतःचीच यायची.

अखेर पत्रच द्यावं म्हणून बसलो. त्या पत्राची मला आजही लाज वाटते. मी लिहिलं: 'स्थानिक चौकशीतून प्राप्त झालेल्या माहितीच्या आधारे तयार केलेल्या सदर फलकात नजरचुकीने त्रुटी राहून गेली आहे.' चांगलं, भारदस्त वाक्य होतं. शिक्का मारून घेतला आणि हलकं वाटलं. एक प्रत बाईंना नेऊन दिली. त्यांनी ती ओट्यावर उभ्या उभ्याच वाचली.

"स्थानिक चौकशी म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.

मी पत्रातल्या त्या ओळीकडे पाहिलं.

"मीच ना? दुसऱ्या कोणाला तुम्ही विचारलंच नव्हतं. म्हणजे आता असं झालं की मी तुम्हाला फकीर सांगितले." त्यांनी पत्राची घडी घातली. "आणि या वाक्यात कर्ता कुठे आहे, सर? माहिती प्राप्त झाली, त्रुटी राहून गेली. कोणी केलं, ते कुठेच नाही. सहावीतल्या मुलाने असं लिहिलं तर मी परत लिहायला लावते."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. कार्यालयाने माझ्या पत्राचा अर्थ असा काढला की स्थानिक लोकांनीच तकिया असं सांगितलं होतं, आणि आता रस्त्यामुळे ते शब्द फिरवत आहेत. मी मदत करायला गेलो आणि त्यांच्या विरुद्ध आणखी एक कागद तयार करून आलो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात मला गाठलं होतं. म्हणाले, "सर, तुम्ही कशाला मधे पडता? ती इमारत गेली की आपलं गेट थेट मोठ्या रस्त्याला लागतं. फ्लॅटची किंमत बघा." रोज सकाळी कोंडीत उभं राहिल्यावर हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. पत्र इतकं गुळगुळीत का झालं, याचं उत्तर कदाचित तिथेही असेल. मला खात्री नाही. पण नाही असंही मी म्हणू शकत नाही.

वस्तीच्या हरकतीवर शेवटी सुनावणी लागली. तिला बाईंनी मला बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेलो. लहानशी खोली, वस्तीतली दहाबारा माणसं, आमचे सेक्रेटरी, आणि टेबलामागे अधिकारी. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, माझं आधीचं पत्र बाजूला ठेवा, ते खरं नाही.

अधिकाऱ्यांनी बाईंकडे बोट करून विचारलं, "यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तक्क्या. आमचा तक्क्या, असं म्हणाल्या होत्या."

"आणि तुम्ही तकिया लिहिलंत?"

"हो. मला वाटलं त्यांना शब्द नीट येत नाही."

सेक्रेटरी खिडकीबाहेर बघू लागले.

"वापर थांबला, हे कुठून आलं?"

"मनानेच लिहिलं. त्या दिवशी आत कोणीतरी अभ्यास करत होतं. मी बाहेरून ऐकलं होतं."

"आणि फकीर?"

"फकिरांचं माझ्याकडे काहीही नाही."

मागे कोणीतरी हसलं. वस्तीतलाच एक तरुण होता, शेजारच्याने त्याला कोपर मारलं. अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घ्यायला लावलं आणि सही घेतली. जागेची पुन्हा पाहणी होईल, तोवर इमारतीला हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, फलक तरी उतरवू का? ते म्हणाले, तो आता प्रकरणाचा भाग आहे, पाहणी होईपर्यंत हलवू नका. पाहणी अजून झालेली नाही. फलक अजून तिथेच आहे. रस्त्याची आखणी बदलेल की नाही, हे आज कोणीही सांगू शकत नाही. सेक्रेटरी माझ्याशी बोलायचे थांबले आहेत.

त्या दिवशी जिना उतरताना बाई माझ्या पुढे होत्या. मला वाटत होतं त्या काही बोलतील. त्या खाली जाऊन रिक्षा शोधू लागल्या. रिक्षा मिळाली, त्या बसल्या, गेल्या. मी फुटपाथवर उभा राहिलो आणि रागावलो. इतकं सगळ्यांसमोर बोललो, तर एक शब्द तरी? घरी येईपर्यंत तो राग टिकला. मग बायकोने विचारलं, तू त्यांना काय म्हणालास? मी अधिकाऱ्यांना जे सांगितलं ते तिला पुन्हा सांगायला लागलो. ती म्हणाली, "साहेबांना नाही. त्यांना."

त्यांना मी काहीच म्हणालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परस्पर तक्क्याकडे गेलो. दार उघडं होतं. मी बाहेर चपला काढल्या आणि पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं. भिंतीला टेकून मुलंमुली पुस्तकं घेऊन बसली होती. कोणी हलक्या आवाजात पाठ करत होतं, कोणी कानात बोटं घालून वाचत होतं. समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर. बाई एका मुलीच्या निबंधावर लाल पेनाने खुणा करत होत्या. त्यांनी मान वर केली. बाहेर चला म्हणावं असं मला वाटलं, कारण इतक्या जणांसमोर मला ते नको होतं. पण त्यांचं उठायचं लक्षण दिसेना, आणि मी त्यांना ओट्यावर ज्या आवाजात शिकवलं होतं, तो काही हळू नव्हता.

मी उभा राहूनच बोललो. मुलं वाचायची थांबली.

"बाई, तुम्ही मला तक्क्या सांगितलं होतं. मी तुमचा शब्द चुकीचा ठरवला, तोही तुमच्याच ओट्यावर उभं राहून. मी फकीर बनवले, ही खोली बंद आहे असं लिहिलं, आणि नंतर पत्रात सगळं तुमच्यावर ढकललं. तुम्ही शिकलेल्या असाल असं मला तुमच्याकडे बघून वाटलंच नाही, म्हणून मी ऐकलं नाही. हे मी केलं. मला माफ करा."